'रेव्हरंड' : एका ख्रिस्ती धर्मपदवीचा अर्थ, उगम आणि मराठी प्रदेशातील प्रवास

सारांश :
'रेव्हरंड' हा शब्द मराठी वाचकाला प्रामुख्याने रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्या नावातून परिचित आहे. सर्वसाधारण समजुतीनुसार ती ख्रिस्ती धर्मोपदेशकाची पदवी होय. तथापि मूळ लॅटिन व इंग्रजी परंपरेत हा शब्द पद दर्शवीत नाही. तो केवळ आदर व्यक्त करणारे विशेषण आहे. प्रस्तुत निबंधात या शब्दाची व्युत्पत्ती, ख्रिस्ती धर्मसंस्थेत तो रूढ होण्याची प्रक्रिया, त्याविषयी इंग्लंडमध्ये इ. स. १८७६ मध्ये झालेला न्यायनिवाडा आणि मराठी प्रदेशात त्याला प्राप्त झालेला नवा अर्थ यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. एखाद्या व्यक्तीचा आदर करण्याचा अधिकार संस्थेचा की समाजाचा, हा प्रश्न या एका शब्दाच्या इतिहासात कसा गुंतलेला आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजशब्द : रेव्हरंड, पाद्री, पाळक, दीक्षा, मराठी ख्रिस्ती समाज, नारायण वामन टिळक, देवाचा दरबार.

प्रस्तावना :
मराठी कवितेच्या तासाला 'टिळक' हे नाव उच्चारले की विद्यार्थी हमखास विचारतात, "कोणते टिळक?" त्यावर आपण सहज उत्तर देतो, "लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड." एकाच जिल्ह्यातून आलेल्या, जवळजवळ समकालीन असलेल्या दोन व्यक्तींमधील भेद मराठी भाषेने त्यांच्या नावांमागील विशेषणांवर सोपविला आहे. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म इ. स. १८५६ चा, नारायण वामन टिळक यांचा इ. स. १८६१ चा. पहिल्यांचे विशेषण लोकांनी दिले, दुसऱ्यांचे एका धर्मसंस्थेच्या प्रघातातून आले. आज मात्र दोन्ही विशेषणे त्या त्या नावाचा अविभाज्य भाग झाली आहेत.

'लोकमान्य' या शब्दाचा अर्थ मराठी वाचकास सांगावा लागत नाही. 'रेव्हरंड' या शब्दाचा अर्थ मात्र विचारल्यास 'पाद्री', 'धर्मगुरू', 'मिशनरी', 'चर्चचा अधिकारी' अशी निरनिराळी उत्तरे मिळतात. यांतील कोणतेही उत्तर शब्दशः बरोबर नाही. शब्दाचा मूळ अर्थ एक आणि रूढ अर्थ दुसरा, असे भाषेत वारंवार घडते. परंतु येथे झालेला बदल केवळ भाषिक नाही. मराठी ख्रिस्ती समाजाची घडण, परदेशी मिशनरी व एतद्देशीय धर्मसेवक यांचे संबंध आणि धर्मांतरित व्यक्तीला मराठी समाजात मिळालेले स्थान यांच्याशी तो निगडित आहे. म्हणूनच त्याचा स्वतंत्र विचार करणे आवश्यक वाटते.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) 'रेव्हरंड' या शब्दाचा मूळ अर्थ व ख्रिस्ती परंपरेतील उगम स्पष्ट करणे.
२) मराठीतील 'पाद्री', 'फादर' व 'पाळक' या शब्दांच्या संदर्भात त्याचे वेगळेपण तपासणे.
३) नारायण वामन टिळक यांच्या उदाहरणाद्वारे या पदवीचा मराठी समाजातील अर्थ शोधणे.

१. शब्दाची व्युत्पत्ती :
इंग्रजीतील 'रेव्हरंड' हा शब्द लॅटिन 'रेव्हेरेन्डुस' या रूपावरून आला आहे. 'रेव्हेरेरी' या क्रियापदाचा अर्थ आदर बाळगणे, भीतियुक्त आदराने पाहणे असा होतो. त्याच्या मुळाशी असलेल्या 'व्हेरेरी' या क्रियापदात भय आणि संकोच या दोन्ही छटा आहेत. 'रेव्हेरेन्डुस' हे त्याचे कृदन्त रूप असून 'ज्याचा आदर केला पाहिजे असा' हा त्याचा अर्थ आहे.

संस्कृतच्या अध्यापकांना हे रूप अपरिचित वाटणार नाही. संस्कृतातील 'अनीयर्' या कृत्य प्रत्ययाने साधलेली 'आदरणीय', 'वंदनीय', 'पूजनीय' ही रूपे अर्थाने व घडणीने त्याच जातीची आहेत. 'रेव्हरंड' या शब्दाचा नेमका प्रतिशब्द 'आदरणीय' हाच ठरतो. असा प्रतिशब्द हाताशी असूनही मराठी ख्रिस्ती समाजाने तो पदवी म्हणून स्वीकारला नाही आणि परभाषेतील शब्द जसाच्या तसा ठेवला, ही बाब लक्षणीय आहे. तिचा विचार पुढे केला आहे.

इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'रेव्हरंड' हा शब्द केवळ एकदा, स्तोत्र १११ च्या ९ व्या ओवीत येतो आणि तेथे तो देवाच्या नावाला उद्देशून आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ 'ज्याचे भय वाटावे असे' हा आहे. जे विशेषण धर्मग्रंथाने देवाच्या नावासाठी वापरले ते माणसाने आपल्या नावामागे लावावे काय, असा आक्षेप इंग्लंडमधील काही धर्मपंथीयांनी घेतला होता. क्वेकर पंथाने तर अशा सर्वच आदरार्थी पदव्या नाकारल्या.

२. धर्मपद आणि आदरविशेषण :
पदवीच्या उगमाचा विचार करताना धर्मपद आणि आदरविशेषण यांत भेद करणे आवश्यक आहे. नव्या करारात ख्रिस्ती मंडळीतील सेवकांसाठी प्रामुख्याने तीन ग्रीक शब्द येतात. 'एपिस्कोपॉस' म्हणजे देखरेख करणारा, 'प्रेस्बुतेरॉस' म्हणजे वडील आणि 'दियाकोनॉस' म्हणजे सेवा करणारा. मराठी बायबलमध्ये त्यांसाठी अनुक्रमे 'अध्यक्ष', 'वडील' व 'सेवक' हे शब्द योजिलेले आहेत. इंग्रजीतील बिशप, प्रीस्ट व डीकन हे शब्द यांपासूनच निघाले. हे तिन्ही शब्द कार्य दर्शवितात. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाच्या इग्नेशियसच्या पत्रांत या तीन पदांची उतरंड स्पष्ट दिसते.

आदरार्थी पदव्यांविषयी मात्र आरंभीची भूमिका संशयाची होती. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २३ व्या अध्यायात लोकांकडून गुरू, पिता, स्वामी म्हणवून घेऊ नका, असे येशू आपल्या शिष्यांना बजावतो. या उपदेशानंतरही ख्रिस्ती धर्मात पदव्यांची परंपरा निर्माण झाली, याचे कारण धर्मसंस्थेच्या राजकीय स्थित्यंतरात आहे. इ. स. ३१३ मध्ये ख्रिस्ती धर्माला रोमन साम्राज्यात मोकळीक मिळाली. त्यानंतर बिशपांचा शासनव्यवहाराशी संबंध वाढत गेला. साम्राज्यात अधिकाऱ्याच्या दर्जानुसार विशिष्ट आदरविशेषणे लावण्याचा कडक शिष्टाचार होता. तोच शिष्टाचार बिशपांना उद्देशून केलेल्या पत्रव्यवहारात व कायद्यांत शिरला. 'व्हेनेराबिलिस' म्हणजे वंदनीय आणि 'रेव्हेरेन्डिसिमुस' म्हणजे अत्यंत आदरणीय, ही विशेषणे अशा रीतीने रूढ झाली. आपल्याकडे पत्राच्या मायन्यात 'राजमान्य राजेश्री' किंवा 'वेदशास्त्रसंपन्न' लिहिण्याचा जो प्रघात होता, त्याच जातीचा हा प्रकार होय.

इंग्लंडमध्ये पंधराव्या शतकापासून धर्मोपदेशकांना 'रेव्हरंड' हे विशेषण लावलेले आढळते. सतराव्या शतकात ते त्यांच्या नावांना नियमितपणे जोडले जाऊ लागले. तरीही ते केवळ त्यांचेच नव्हते. त्या काळी न्यायाधीशांचाही उल्लेख 'रेव्हरंड' असा होत असे आणि मठाच्या प्रमुख स्त्रीला 'रेव्हरंड मदर' म्हणण्याची प्रथा आजही आहे. पुढे दर्जानुसार श्रेणी ठरल्या. सामान्य धर्मोपदेशक 'रेव्हरंड', डीन 'व्हेरी रेव्हरंड', बिशप 'राइट रेव्हरंड' आणि आर्चबिशप 'मोस्ट रेव्हरंड'. श्रेणी ठरल्या तरी व्याकरण बदलले नाही. इंग्रजीच्या काटेकोर प्रघातानुसार हा शब्द पूर्ण नावापूर्वी येतो. नुसत्या आडनावापूर्वी तो लावणे अशुद्ध मानले जाते, कारण तो विशेषण आहे, नाम नव्हे.

३. इ. स. १८७६ चा निवाडा :
हा शब्द पदवी आहे की विशेषण, हा प्रश्न एका लहानशा प्रसंगातून न्यायालयात गेला. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील ओस्टन फेरी या गावी हेन्री कीट हे वेस्लियन पंथाचे धर्मसेवक राहत होते. त्यांच्या मुलीच्या निधनानंतर तिच्या थडग्यावरील शिलालेखात वडिलांच्या नावापूर्वी 'रेव्हरंड' हा शब्द कोरावयाचा होता. स्थानिक अँग्लिकन धर्मगुरूने त्यास हरकत घेतली. राजमान्य चर्चची दीक्षा नसलेल्या माणसाला हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे होते. धर्मन्यायालयांनी त्याची बाजू उचलून धरली. अखेर प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले आणि इ. स. १८७६ मध्ये तेथे कीट यांच्या बाजूने निर्णय झाला. 'रेव्हरंड' हा सन्मानाचा किंवा अधिकाराचा किताब नसून केवळ गौरवपर विशेषण आहे, सबब कोणत्याही एका धर्मसंस्थेचा त्यावर मक्ता नाही, असा या निवाड्याचा आशय होता.

हीच प्रिव्ही कौन्सिल त्या काळी हिंदुस्थानातील उच्च न्यायालयांवरील अपिलांचे अंतिम ठिकाण होती. प्रस्तुत निवाडा इंग्लंडमधील दफनभूमीपुरता असला तरी मराठी प्रदेशाच्या दृष्टीने तो उद्बोधक आहे. येथे कार्य करणाऱ्या अमेरिकन व स्कॉटिश मिशनरींपैकी बहुतेक अँग्लिकन पंथाचे नव्हते. ज्या शब्दावरील हक्कासाठी इंग्लंडमधील एका बापाला सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जावे लागले, तो शब्द मराठी मुलखात मात्र ही मंडळी व त्यांचे एतद्देशीय सहकारी निर्वेधपणे वापरीत होते.

४. 'पाद्री', 'फादर' आणि 'पाळक' :
'रेव्हरंड' मराठीत आला तेव्हा ख्रिस्ती धर्मोपदेशकासाठी मराठीत एक शब्द अगोदरच स्थिर झाला होता. पोर्तुगीजांनी इ. स. १५१० मध्ये गोवा जिंकल्यानंतर 'पाद्रे' म्हणजे 'पिता' हा शब्द कोकण किनाऱ्यावर आला आणि 'पाद्री' या रूपाने मराठीत रुळला. इ. स. १५७९ मध्ये गोव्यात आलेले व इ. स. १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स हे त्या परंपरेतील पाद्रीच होत. मराठीत रूढ झालेल्या 'पाद्री' या शब्दात पितृत्वाची जाणीव मात्र उरली नाही. बोलणाऱ्याच्या दृष्टीने तो केवळ एका परकीय वर्गाचा वाचक ठरला. एकोणिसाव्या शतकात धर्मविषयक वादांना उधाण आले आणि या शब्दाला प्रतिपक्षाची छटा प्राप्त झाली. मुंबईच्या समुद्रकिनारी इ. स. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांचे मिशनरींशी झालेले वादविवाद प्रसिद्धच आहेत.

'फादर' हा त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द. तो मराठीत मुख्यतः कॅथलिक धर्मगुरूंसाठी आणि अँग्लिकन पंथातील मठवासी धर्मगुरूंसाठी वापरला गेला. मराठी कुळातील नीळकंठशास्त्री गोरे यांनी इ. स. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला. अँग्लिकन दीक्षेनंतर एका मठवासी संघाशी त्यांचा संबंध आल्याने ते 'फादर नेहेम्या गोरे' या नावाने ओळखले गेले.

प्रॉटेस्टंट मंडळींना स्वतःचा देशी शब्दही मिळाला, तो म्हणजे 'पाळक'. लॅटिन 'पास्तोर' म्हणजे मेंढपाळ, या शब्दाचे हे भाषांतर होय. मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही. पालनपोषण, राखण आणि जबाबदारी या कल्पना त्यात एकत्र आल्या आहेत. कार्य सांगणारा 'पाळक', परकेपणा सांगणारा 'पाद्री' आणि या दोहोंच्या मध्ये 'रेव्हरंड', अशी शब्दांची वाटणी एकोणिसाव्या शतकात झालेली दिसते. विधी, उपदेश व गृहभेटी करतो तो पाळक. ज्याला मंडळीने रीतसर दीक्षा दिली व ज्याचे नाव तसे छापले जाते तो रेव्हरंड.

५. एतद्देशीय रेव्हरंड :
अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट इ. स. १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन इ. स. १८२९ मध्ये मुंबईस, तर स्टीफन हिस्लॉप इ. स. १८४५ मध्ये नागपूरला आले. विदर्भात आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत हिस्लॉप यांची गणना होते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय इ. स. १८८३ पासून नागपूरला आहे आणि भूगर्भशास्त्रीय संशोधनासाठीही ते ओळखले जातात. भंडाऱ्यातही त्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनचे केंद्र उभे राहिले. येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. विल्सन आणि हिस्लॉप ही नावे संस्थांच्या रूपाने जिवंत आहेत. त्यांच्यामागील 'रेव्हरंड' मात्र लोकांच्या उच्चारातून गळून पडला.

खरा प्रश्न एतद्देशीयांना दीक्षा मिळू लागली तेव्हा उभा राहिला. विल्सन यांच्याकडे इ. स. १८३९ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले पारशी तरुण धनजीभाई नवरोजी यांना इ. स. १८४६ मध्ये स्कॉटलंडमध्ये दीक्षा मिळाली. अमेरिकन मिशनने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे इ. स. १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना दीक्षा दिली. 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीचे कर्ते बाबा पदमनजी हेही पुढे दीक्षित पाळक झाले.

दीक्षेमुळे एतद्देशीय सेवक व परदेशी मिशनरी यांच्या नावांपूर्वी एकच शब्द छापला जाऊ लागला. वसाहतकालीन समाजात ही लहान गोष्ट नव्हती. गोरा आणि काळा यांना समान पातळीवर आणणारी बिरुदे त्या काळात थोडी होती आणि 'रेव्हरंड' हे त्यांपैकी एक होते. परंतु समता नावापूर्वीच्या या शब्दापर्यंतच होती. मिशनच्या पैशाचा विनियोग, नेमणुका व बदल्या यांविषयीचे निर्णय दीर्घकाळ परदेशी मिशनरींच्या सभेत होत राहिले. वेतनातही मोठे अंतर होते. पदवी सारखी पण अधिकार असमान, अशी ही स्थिती होती.

'आदरणीय' हा देशी प्रतिशब्द का स्वीकारला गेला नाही, याचे उत्तर येथे मिळते. 'आदरणीय' कोणालाही म्हणता येते. त्यातून दीक्षा सूचित होत नाही आणि मिशनरीशी असलेली नावापुरती समताही सूचित होत नाही. 'रेव्हरंड' या परक्या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला कळत नव्हता, म्हणूनच तो दर्जाची खूण म्हणून उपयोगी पडला. इंग्रजीत जे विशेषण होते ते मराठीत नाम झाले. 'आमचे रेव्हरंड', 'रेव्हरंडसाहेब' हे प्रयोग इंग्रजी व्याकरणाला मान्य होणारे नाहीत. मराठीत मात्र ते सर्वस्वी स्वाभाविक ठरले.

या संदर्भात वारकरी परंपरेतील 'ह. भ. प.' हे बिरुद तुलनेसाठी घेता येईल. 'हरिभक्तपरायण' हेही मुळात विशेषणच. संक्षेप होऊन ते नावापूर्वी आले आणि कीर्तनकाराची पदवी झाले. फरक इतकाच की, 'हरिभक्तपरायण' या शब्दाचा अर्थ वारकऱ्याला कळतो व ते लावण्यासाठी कोणत्याही सभेचा ठराव लागत नाही.

६. रेव्हरंड टिळक आणि लोकमान्य टिळक :
नारायण वामन टिळक यांच्या जीवनातील निर्णायक प्रसंग आपल्या परिसरातील लोहमार्गावर घडला, ही बाब गोंदिया जिल्ह्यातील अभ्यासकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काही काळ काम केल्यानंतर टिळक राजनांदगाव संस्थानात नोकरीस गेले. इ. स. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका युरोपियन सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला. त्याने त्यांना नवा करार वाचावयास दिला. हा मार्ग भंडारा व गोंदिया या परिसरातूनच जातो. पुढे डोंगरावरील प्रवचनाच्या वाचनाने टिळक भारावून गेले आणि इ. स. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या कार्यात असताना त्यांना दीक्षा मिळून ते 'रेव्हरंड' झाले.

धर्मांतरानंतर टिळकांचे घर, नातेसंबंध व समाजातील स्थान उद्ध्वस्त झाले. त्याची हकिकत लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) या ग्रंथाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. त्या ग्रंथात लक्ष्मीबाई पतीचा उल्लेख सातत्याने 'टिळक' असाच करतात. पदवीचा तेथे मागमूस नाही. संस्थेने दिलेला आदर आणि घरातील माणसाचा आदर यांतील अंतर त्या एका संबोधनातून सहज प्रत्ययास येते.

टिळकांनी बिरुदाचा उपयोग सत्ता म्हणून केला नाही. ख्रिस्ती भक्ती मराठी मातीत रुजावी, यासाठी त्यांनी अभंग, ओवी व कीर्तन ही माध्यमे स्वीकारली. इ. स. १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरच्या वर्षांत केले. मिशनवर अवलंबून राहण्याची मराठी ख्रिस्ती समाजाची वृत्ती त्यांना सलत होती. अखेर इ. स. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व ख्रिस्ती संन्यासी म्हणून जीवन स्वीकारून सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या दरबारात एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. इ. स. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे पाऊल पदवीच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रेव्हरंड होण्यासाठी एखाद्या मंडळीने दीक्षा द्यावी लागते. संन्याशाला मात्र भारतीय समाजात कोणत्याही चर्चच्या मान्यतेची आवश्यकता नसते. त्याचा त्याग हीच त्याची ओळख होय. टिळकांनी एका परंपरेने दिलेला दर्जा बाजूस सारून दुसऱ्या, अधिक जुन्या परंपरेतील आदराची भाषा जवळ केली. देशबांधवांना समजेल अशा खुणेने त्यांच्यासमोर उभे राहावे, हा त्यामागील आशय होता.

आता प्रारंभीच्या तुलनेकडे वळू. 'लोकमान्य' मधील 'मान्य' हे कृत्य प्रत्ययान्त रूप आहे, 'मानावयास योग्य' असा त्याचा अर्थ. 'रेव्हरंड' म्हणजे 'आदर करण्यास योग्य'. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही टिळकांची बिरुदे सख्खी भावंडे आहेत. त्यांतील भेद आदर करणाऱ्याचा आहे. 'लोकमान्य' या शब्दात लोक हा घटक उघडपणे आला आहे, तर 'रेव्हरंड' मध्ये आदर करणारा कोण हे अनुक्त आहे. इंग्लंडमध्ये ती जागा राजमान्य चर्चने आपली मानली होती. महाराष्ट्रात ती प्रथम मिशनने व मंडळीने भरली. कालांतराने मात्र ज्यांचा चर्चशी काडीचाही संबंध नाही अशा हजारो मराठी वाचकांनी फुलामुलांच्या या कवीला 'रेव्हरंड टिळक' म्हटले. अशा रीतीने संस्थेकडून आलेले बिरुद अखेरीस लोकमान्यच झाले.

अशीच प्रक्रिया नजीकच्या काळातही घडली. वसईचे कॅथलिक धर्मगुरू व लेखक फ्रान्सिस दिब्रिटो मराठी वाचकांना 'फादर दिब्रिटो' म्हणूनच परिचित होते. इ. स. २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या निवडीला काही गटांनी ते धर्मगुरू असल्याच्या कारणावरून विरोध केला होता. इ. स. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. नावापूर्वीचा एक शब्द साहित्याच्या व्यासपीठावरही वादाचा विषय होऊ शकतो, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले.

७. पदवी, स्त्रिया आणि कायदा :
या इतिहासातून स्त्रिया दीर्घकाळ बाहेर राहिल्या. पंडिता रमाबाई यांना इ. स. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. इ. स. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतरही त्यांनी 'पंडिता' हे बिरुद ठेवले. केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळणाऱ्या आणि बायबलचे मराठी भाषांतर करणाऱ्या या विदुषीला धर्मपदवी मात्र कोणत्याही मंडळीने दिली नाही. हिंदू शास्त्र्यांनी दिलेली पदवीच ख्रिस्ती रमाबाईंची कायमची ओळख ठरली. अमेरिकेतील काँग्रेगेशनल परंपरेत अँटोनेट ब्राऊन यांना इ. स. १८५३ मध्येच दीक्षा मिळाली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. दक्षिण भारतीय चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप म्हणून ई. पुष्पा ललिता यांना नंद्याल धर्मप्रांतात मान मिळाला तो इ. स. २०१३ मध्ये.

कायद्याने या शब्दाकडे कसे पाहिले, हेही उद्बोधक आहे. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ यातील कलम ५ मध्ये विवाह लावण्याचा अधिकार कोणास आहे हे सांगितले आहे. बिशपकडून दीक्षा मिळालेले, स्कॉटलंड चर्चचे धर्मोपदेशक, अधिनियमानुसार परवाना घेतलेले धर्मसेवक, विवाह निबंधक आणि भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या विवाहाचे प्रमाणपत्र देण्याचा परवाना असलेल्या व्यक्ती, असे हे पाच वर्ग आहेत. अधिकार दीक्षेवर किंवा परवान्यावर आधारलेला आहे. नावापूर्वी कोणता शब्द आहे याला तेथे महत्त्व नाही. इ. स. १८७६ च्या निवाड्यातील तत्त्वाशी हे सुसंगतच आहे.

इ. स. १९७० च्या २९ नोव्हेंबर रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्थांच्या एकीकरणातून उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. ज्या काँग्रेगेशनल व प्रेस्बिटेरियन परंपरांत बिशपपद नव्हते, त्यांच्या वारसांनीही त्यामुळे बिशपांची व्यवस्था स्वीकारली. सर्व दीक्षितांना एकच 'रेव्हरंड' असलेल्या टिळकांच्या मंडळीत त्यानंतर 'राइट रेव्हरंड' ही वरची श्रेणी आली. ऐक्याबरोबर उतरंडही आली, असे म्हणावे लागते.

निष्कर्ष :
१) 'रेव्हरंड' हा शब्द मूलतः कृदन्त विशेषण असून 'आदरणीय' हा त्याचा नेमका अर्थ आहे. बिशप, प्रीस्ट व डीकन ही धर्मपदे त्याहून वेगळी आहेत.
२) ख्रिस्ती धर्मातील आदरार्थी पदव्यांचा उगम रोमन साम्राज्याच्या शासकीय शिष्टाचारात आहे, येशूच्या उपदेशात नव्हे.
३) मराठीत हा शब्द अर्थाने अपारदर्शक राहिल्यामुळे तो दीक्षेची व दर्जाची खूण बनला व विशेषणाचे नाम झाले.
४) एतद्देशीय धर्मसेवकांना या शब्दाने परदेशी मिशनरींशी नावापुरती समता दिली. निर्णयाचे अधिकार मात्र त्याबरोबर आले नाहीत.
५) ना. वा. टिळक यांच्या बाबतीत संस्थेने दिलेले बिरुद लोकांनी स्वीकारले व ते त्यांच्या नावाचा भाग झाले. ज्या संस्थेतून ते बिरुद आले तिच्या चौकटीबाहेर टिळक स्वतः पडले होते, हे या स्वीकाराचे एक महत्त्वाचे कारण मानता येईल.

समारोप :
पदवी देता येते, आदर देता येत नाही. तो मिळवावा लागतो. दीक्षेच्या वेळी मस्तकावर ठेवलेल्या हातांनी अनेक जण रेव्हरंड झाले, परंतु मराठी भाषेने आपल्या स्मरणात 'रेव्हरंड' म्हणून ठळकपणे जपले ते टिळकांनाच. वर्गात पुन्हा कधी "कोणते टिळक?" असा प्रश्न आला, तर 'लोकमान्य' आणि 'रेव्हरंड' या दोन शब्दांची व्याकरणातील ही जवळीक विद्यार्थ्यांना अवश्य सांगावी. एका शब्दातून इतिहास कसा वाचता येतो, याचे ते एक चांगले उदाहरण ठरेल.